वापरात असल्याचा दाखला

गेल्या वर्षी आमच्या विद्यापीठाने ज्या कंबरपट्ट्याला सन्मान दिला, तो पुढे रुग्णालयाच्या व्यायामोपचाराच्या खोलीत सापडला. सापडला म्हणजे, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत अडकवलेला होता. त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा कुणी फाडलं नव्हतं. कुणीतरी फोटो काढला, फोटो सगळ्या विभागांत फिरला, आणि त्यानंतर आम्ही सन्मान कक्षातली माणसं कॅन्टीनमध्ये शिरलो की आजूबाजूच्या टेबलांवर कंबरदुखीची साथ यायची. चांगले धडधाकट लोक कंबरेला हात लावून कण्हायचे.

सन्मान तसा मोठा आहे. प्रयोगशाळेत जन्मलेलं साधन जे संशोधक रुग्णाच्या खाटेपर्यंत नेऊन पोचवतात, त्यांच्यासाठी तो. मानपत्र आणि टाळ्या ही त्याची दिसणारी बाजू. खरी गोम नियमात आहे. सन्मान मिळाला की ते साधन रुग्णालयाच्या कायमच्या साठ्यात जातं. नाही मिळाला तर चाचणीपुरते दिलेले सगळे नग मुदत संपल्यावर मध्यवर्ती भांडारात परत. आणि भांडारात गेलेलं काही पुन्हा उजेडात आल्याचं माझ्या पाहण्यात नाही, मी तर भांडाराच्या शेजारीच आयुष्य काढलंय. सन्मान कक्षात येण्याआधी मी साठा-मोजणीत होते. कुठल्या विभागात किती खुर्च्या, कुठल्या वॉर्डात किती स्टूल, कोण एक दाखवून दोन वापरतं. त्या कामाने एक खोड लागते. समोरचा काय सांगतोय यापेक्षा तो ते सांगायला एवढा उतावीळ का आहे, हे आधी दिसतं. घरी हे म्हणतात, तू कुणाच्या हसण्याचीसुद्धा पावती मागशील.

या वर्षी शेवटच्या फेरीत उरलेला अर्ज एका वहिनींचा आणि त्यांच्या दिराचा होता. वहिनी अभियांत्रिकीच्या प्राध्यापक, दीर आमच्याच रुग्णालयात घशाचे सर्जन. दीर भर सभेतही त्यांना वहिनी म्हणत, त्यामुळे कुलगुरूंपासून शिपायापर्यंत त्या सगळ्यांच्या वहिनी झाल्या होत्या. साधन असं : गळ्याला भोक पाडून नळी बसवलेल्या रुग्णांचा कफ ओढून घेणारं, मुठीत मावणारं यंत्र. बॅटरीवर चालणारं आणि, अर्जात जाड अक्षरांत लिहिल्याप्रमाणे, आवाज न करणारं. ‘सध्या वापरात आहे का?’ या रकान्यात वहिनींनी लिहिलं होतं, ‘होय, तीन वॉर्डांत, रोज.’ खाली दाखला देणाऱ्याची सही होती. दिराची.

निवड समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त अस्थितज्ज्ञ. आम्ही त्यांना समोर सर म्हणतो आणि पाठीमागे शंकासुर. कंबरपट्ट्याचं मानपत्र त्यांनी स्वतः वाचलं होतं, त्यामुळे त्यांना लागलेला घाव जरा खोल होता. अर्ज माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, “यंत्र घरचं, दाखला घरचा. आता टाळ्यापण घरच्याच आणायच्या का?”

मग त्यांनी मला काम सांगितलं. वॉर्डात जायचं आणि यंत्र रुग्णाच्या गळ्याशी चालताना डोळ्यांनी बघायचं. सन्मानाबद्दल मात्र अवाक्षर काढायचं नाही. नाव काढलं की ही मंडळी बॉक्समधून नवीकोरी यंत्रं काढून रुग्णांच्या उशाशी मांडतील, असं त्यांचं म्हणणं. यंत्रं बघायला आलेय, एवढंच बोलायचं. सन्मानाचा समारंभ पुढच्या आठवड्यात होता. नाव जाहीर व्हायचं बाकी होतं.

मी आधी वहिनींकडे गेले. त्यांची प्रयोगशाळा तळमजल्यावर, जिन्याच्या पोटाखाली. दार उघडल्या उघडल्या समोर फळीवर काचेच्या बरण्या, पातळ ते घट्ट अशा क्रमाने लावलेल्या, आत काहीतरी करडं-पिवळं. नकली कफ, वहिनी म्हणाल्या. मक्याचं पीठ आणि डिंक. कुठल्या दाटपणाला यंत्र दम टाकतं ते त्यावर तपासतात. सकाळी नाश्ता करून गेलेल्या माणसाने त्या फळीकडे पाठ करून बसावं.

खुर्चीवरच्या नळ्या उचलून त्यांनी मला जागा केली. पाणी विचारलं, चहा विचारला, पंखा वाढवू का विचारलं. एवढ्या आदरातिथ्याने माझ्या मनात पाल चुकचुकली. टेबलावर एक यंत्र पोट उघडून पडलं होतं. बाकीची कुठेत, मी विचारलं. वॉर्डात, त्या म्हणाल्या. तुम्ही शेवटचं चालताना कधी पाहिलं? त्यांनी एक बरणी उचलून तिचं झाकण पुसलं, आधीच पुसलेलं. ते भाऊजी बघतात, म्हणाल्या. माझ्याबरोबर वॉर्डात येता का, तर त्यांचा तास होता. वेळापत्रक त्यांच्या मागेच भिंतीवर होतं. त्या वारी त्यांचा तास नव्हता.

भाऊजी मला ओपीडीत भेटले, एक रुग्ण बाहेर जाताना आणि दुसरा आत येताना जी फट असते तिच्यात. माणूस हसरा, मोठ्या आवाजाचा. यंत्रं कशी चालतात, विचारलं तर आधी हसले आणि मग म्हणाले, झकास. उत्तराच्या आधी जे हसू येतं ते माझ्या हिशेबात नावे पडतं, जमेला नाही. तुम्ही दाखल्यावर सही केलीत ना, मी म्हटलं. केली की. मग पाहिली असतील चालताना. “अहो, मी भोक पाडणारा माणूस. त्याच्यापुढचं राज्य सिस्टरांचं. वहिनींना विचारा, त्यांना सगळी खडान्‌खडा माहिती.”

म्हणजे वहिनी दिराकडे बोट दाखवत होत्या आणि दीर वहिनींकडे. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते जिन्याखालून ओपीडीपर्यंत सारखंच ओलं होतं.

घशाच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर गोलसर, ठेंगण्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मला पाहिल्यावर त्यांनी चष्मा वर सरकवला, मग पुन्हा खाली घेतला. यंत्रं बघायला आलेय, मी म्हटलं. “ती होय? ती कधीच परत गेली की, मॅडम.” कुणाकडे गेली? ज्यांची होती त्यांच्याकडे. आणि मी न विचारताच उठून त्यांनी कपाटं उघडायला सुरुवात केली. हे बघा, ड्रेसिंगचं कपाट. हे औषधांचं. हे चादरींचं. ड्रॉवर बघायचाय? बघा ना. शेवटी स्वतःच्या डब्याची पिशवीसुद्धा उघडून दाखवली. मी इतकी वर्षं मोजणी केली, पण कपाट उघडून दाखवायला एवढी उत्साही बाई मला भेटली नव्हती.

वृद्धांच्या वॉर्डात सिस्टर म्हणाल्या, हरवली. कशी? हरवतात तशी. त्यांचा चेहरा मात्र खराच चिडलेला होता, कुणाचं तरी नाव ओठांवर आणून गिळल्यासारखा. अतिदक्षता विभागात तर तिथल्या सिस्टरांनी कानांवर हातच ठेवले. असं काही यंत्र असतं हेच आम्ही आज ऐकतोय. एक वॉर्ड म्हणतो परत दिली, एक म्हणतो हरवली, एक म्हणतो आलीच नाहीत. तिन्ही वॉर्डांतून चहा मात्र आला, दोन-दोन चमचे साखर घातलेला.

संध्याकाळी मी वहिनींना फोन केला. विभागात नको, घरी या, त्या म्हणाल्या. आवाज बसलेला होता.

घर तिसऱ्या मजल्यावर, एकत्र. वहिनी, त्यांचे मिस्टर (ते फिरतीवर होते), दीर, आणि सासरे. जेवणाच्या टेबलाशी सासरे मटार सोलत बसले होते. गळ्याशी चांदीसारखी चकचकणारी नळी, त्याभोवती स्वच्छ पट्टी. बोलायचं झालं की ते नळीवर बोट ठेवत, त्यामुळे एका हाताने बोलणं आणि दोन्ही हातांनी मटार यांच्यात त्यांना सारखं निवडावं लागत होतं. ते बहुधा मटार निवडत.

मी बसते तोवर त्यांच्या गळ्यात कफाची खळखळ लागली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मुठीएवढं काहीतरी काढलं, पातळ नळी गळ्यात घातली, अंगठा दाबला, काढलं, पुसलं, खिशात ठेवलं. मी समोर बसलेले. चहात बिस्कीट बुडतं तेवढासुद्धा आवाज झाला नाही.

हे पहिलं यंत्र, वहिनी म्हणाल्या. बाकीची कथा सासऱ्यांनीच सांगितली, अधूनमधून मटार थांबवून. ते वॉर्डात होते तेव्हा कफ ओढायचं जुनं यंत्र चाकांवरून ढकलत आणत. चालू केलं की मिक्सरमध्ये दगड टाकल्यासारखं. सगळा वॉर्ड दचकून उठून बसायचा. शेजारच्या खाटेवरचा माणूस एकदा त्यांच्याकडे नुसतं बघत राहिला. तेव्हापासून त्यांना खळखळ लागली तरी ते घंटी दाबत नसत. छाती भरेपर्यंत तसेच पडून राहत. ते सून बघायची आणि धाकटा मुलगा बघायचा, पाळीपाळीने उशाशी बसून. त्यातून यंत्र निघालं.

हे सगळं छान होतं, पण घर म्हणजे वॉर्ड नव्हे. मी तसं म्हटलं. मग तिन्ही वॉर्डांनी काय सांगितलं तेही सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, माझ्याकडे एकही परत आलेलं नाही. त्यांना हे आधीपासून माहीत होतं तर. चौकशीला फोन केला की वॉर्डातून हेच ऐकू यायचं, बिघडलं, सापडत नाही, बघून सांगतो. त्यांनी त्याचा अर्थ काढला होता : कुणाला आवडलं नाही, कुठेतरी कोपऱ्यात फेकून दिलंय आणि तोंडावर सांगायचा संकोच करतायत. तरी अर्जात ‘होय’ लिहिलं, कारण दीर रोज जेवताना म्हणायचे, झकास चाललीयत.

तेवढ्यात दीर आले. चपला काढता काढता मला पाहिलं आणि हसू अर्ध्यावर राहिलं. वहिनींनी सरळ विचारलं. तुम्ही राउंडला जाता तेव्हा ती दिसतात का?

दीर खुर्चीत बसले. बऱ्याच दिवसांत दिसलं नाही, ते म्हणाले. पण रुग्ण बरे होते, छात्या मोकळ्या होत्या, म्हणून धरून चाललो की चालू असेल. विचारलं नाही, कारण नाही म्हणाले असते तर ते घरी येऊन सांगावं लागलं असतं.

“म्हणजे माझ्या समाधानासाठी सही केलीत, भाऊजी?”

“वहिनी, तुम्ही दोन वर्षं त्या जिन्याखाली पीठ कालवत बसलात. मी काय सांगणार होतो?”

वहिनींनी मटाराच्या शेंगा एका बाजूला केल्या, टेबलावर हाताने जागा केली, जणू तिथे काहीतरी ठेवायचंय, आणि मग काहीच ठेवलं नाही. मला म्हणाल्या, मी अर्ज मागे घेते. वापरात नसलेली वस्तू वापरात आहे असं मी लिहिलं, एवढं खरंय. तुम्ही तसंच लिहा. यंत्रं सापडली तर भांडारात जाऊ देत.

मी म्हटलं, मागे घ्यायलाही रीत आहे. वॉर्डाकडून ‘यंत्र आमच्याकडे नाही’ असं लेखी लागेल. ते मी उद्या आणते. माझा कागद त्यानेच पुरा होणार होता, आणि खरं सांगायचं तर मला तो पुरा झाला तर हवा होता. शंका खरी ठरल्याचं एक समाधान असतं.

मी उठले तेव्हा सासऱ्यांनी मटाराचं ताट बाजूला ठेवलं आणि नळीवर बोट टेकवलं. “सिस्टर लोक वस्तू हरवत नाहीत,” ते म्हणाले. मग पुन्हा मटार.

दुसऱ्या दिवशी मी घशाच्या वॉर्डात पोचले तेव्हा मोठ्या सिस्टर वरच्या मजल्यावर गेल्या होत्या. बसा, येतीलच, असं म्हणून एका नर्सने मला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि जरा लगबगीने आत गेली. मी बसले. वॉर्ड भरलेला. दोन्ही बाजूंना खाटा, निम्म्याहून जास्त जणांच्या गळ्यात नळ्या. खिडकीतून ऊन, कुणी पेपर वाचतंय, कुणी पाय हलवतंय. एक नर्स खाटेच्या कडेला वाकते, पडदा अर्धा ओढते, थोड्या वेळाने सरळ होते. पुढच्या खाटेला जाते.

आणि मला एकदम जाणवलं की इथे मिक्सर नाही.

एवढे गळे, एवढा कफ, आणि दगड दळल्याचा आवाज एकदाही नाही. मी मान वळवून शोधलं. जुनं यंत्र सापडलं, कोपऱ्यात. वायर नीट गुंडाळून सुतळीने बांधलेली. वर घडी घातलेली ब्लँकेटं रचलेली, आणि त्या ब्लँकेटांवर एक कुंडी. कुंडीतल्या वेलाने खिडकीच्या गजाला दोन वेढे घेतले होते. वेल काही एका दिवसात एवढा चढत नाही.

मोठ्या सिस्टर आल्या. मी कागद काढला. यंत्र आमच्याकडे नाही, एवढं लिहून सही करा, म्हटलं. त्यांनी पेन घेतलं. टोपण काढलं. मी विचारलं, “सिस्टर, मग इथे कफ कशाने ओढता?”

पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि खिडकीजवळच्या खाटेवरच्या माणसाकडे मान वळवली. तो बसचालक होता, अवाढव्य, मिशीवाला, नवा नवा गळ्याला नळी लागलेला. नेमकी त्यालाच खळखळ लागली होती. त्याच्याजवळची नर्स सिस्टरांकडे बघत अवघडून उभी.

“जुन्यानेच की,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. आणि नर्सला, “आण गं ते.”

कुंडी उतरवली. ब्लँकेटं उतरवली. वेल गजावरून सोडवताना तुटला. चाकं करकरत यंत्र खाटेजवळ आलं, सुतळी सोडली, वायर खोचली, आणि ते चालू झालं तसा सगळा वॉर्ड उठून बसला. पेपरवाल्याने पेपर कानांवर घेतला. बसचालकाने दचकून यंत्राकडे पाहिलं, मग नर्सकडे, मग मोठ्या सिस्टरांकडे, हा काय चावटपणा, अशा नजरेने. नर्स नळी घेऊन पुढे झाली तशी त्याने हॉर्न दाबावा तसा खाटेच्या कठड्यावर तळहात हाणला. मग स्वतःच उशीखाली हात घातला, मुठीएवढं यंत्र काढलं आणि नर्सच्या हातात दिलं.

कुणीतरी मिक्सर बंद केला. त्या शांततेत नर्सने खाली मान घालून काम केलं. आवाज काही आला नाही.

मोठ्या सिस्टरांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं त्या ओशाळतील. त्या उलट माझ्यावरच डाफरल्या. “तुम्हीच ना त्या मोजणीवाल्या? आमची जादाची व्हीलचेअर तुम्हीच नेलीत. पायाखालचं स्टूल नेलंत. काल दारातून आत आलात तेव्हाच ओळखलं मी. मुदत संपलीय या यंत्रांची, मला माहितीय. न्यायला आलात ना?”

आता मला कालचा सगळा हिशेब उलट मांडावा लागला. मी त्यांच्याकडे चोर म्हणून बघत होते, आणि त्या माझ्याकडे जप्तीवाली म्हणून. कपाटं उघडून दाखवली कारण यंत्रं कपाटात नव्हतीच, रुग्णांच्या पांघरुणात होती. वहिनींच्या फोनला बिघडलं म्हणून सांगितलं, कारण विचारणारा माणूस परत मागण्यासाठीच विचारतो. मग सर्जनसाहेबांपासून का लपवलं? ते फार दिलदार, सिस्टर म्हणाल्या. कुठल्याही वॉर्डाने मागितलं की देऊन टाकतात. राउंडची चाहूल लागली की आम्ही सगळी आत सरकवतो.

मी त्यांना सन्मानाचं सांगितलं. अध्यक्षांनी बजावलं होतं, पण सजवून मांडण्याची भीती आता उरली नव्हती. सन्मान मिळाला तर यंत्रं कायमची वॉर्डाची, नाही तर भांडार. आणि मिळायचा असेल तर ‘आहे’ असं लिहून द्यावं लागेल.

मोठ्या सिस्टरांनी लगेच विश्वास ठेवला नाही, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही ठेवला नसता. ‘आहे’ लिहून दिलं आणि सन्मान दुसऱ्याच कुणाला गेला तर? तर नेतील, मी म्हटलं. मग तुमचा काय भरवसा? माझा काही नाही, नियमाचा आहे. त्यांनी नियमाचं पान मागितलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा बोट ठेवून. मग बसचालकाकडे पाहिलं. तो यंत्र पुन्हा उशीखाली सरकवत होता, आम्ही काहीही ठरवलं तरी त्याचं ठरलेलं होतं.

“काढा गं,” त्या म्हणाल्या.

उश्यांखालून, पांघरुणांतून, ड्रेसिंगच्या रिकाम्या डब्यातून, एक तर कुंडीच्या खालच्या बशीत पिशवीत गुंडाळून, अशी यंत्रं निघाली. या वॉर्डाला दिली होती त्यापेक्षा जरा जास्तच निघाली. एकावर वृद्धांच्या वॉर्डाची चिठ्ठी होती, अर्धी खरवडलेली. हे त्यांचं ना, मी म्हटलं. “त्यांचं हरवलंय,” सिस्टर शांतपणे म्हणाल्या. कालचा तो चिडलेला चेहरा मला आठवला. एकूण तिघींतली एक तरी खरं बोलली होती.

मी वहिनींना बोलावून घेतलं. त्या आल्या, हाताला पीठ तसंच. दारातच थांबल्या. खाटांवर, टेबलावर, नर्सच्या हातांत त्यांची यंत्रं, कुठल्याला चिकटपट्टी, कुठल्याला रबरबँड. बसचालकाने तेवढ्यात पुन्हा अंगठा दाबला आणि त्यांनी ऐकायला मान तिरकी केली. ऐकू आलं नाही म्हणून दोन पावलं जवळ गेल्या. तरी नाही. मला वाटलं आता रडतील. त्यांनी एक यंत्र उचललं, उलटसुलट केलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“ही नळी कुणी कापली?”

“लांब होती,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “खाटेवरून जमिनीला लागायची.”

कापल्यामुळे पंपावर जोर येतो, वहिनी म्हणाल्या. बॅटरी लवकर उतरते, मग तक्रार कुणाकडे करणार? बॅटरी उतरते ती तुमच्या बटणामुळे, सिस्टर म्हणाल्या, हातमोज्यातून कळत नाही दाबलंय की नाही, म्हणून चिकटपट्टी. वहिनींनी नर्सचा एक हातमोजा घातला आणि बटण दाबून पाहिलं. मग दुसरा घातला. दोघी खिडकीशी उभ्या राहून बराच वेळ भांडत होत्या. मी मध्ये पडले नाही.

दाखला नव्याने लिहावा लागला. जुना मी रद्द केला, आणि का केला तेही दोन ओळींत लिहिलं, दिराने न बघता सही केली म्हणून. नव्यावर मोठ्या सिस्टरांची सही, आणि बसचालकाची. चालकाला बोलता येत नव्हतं म्हणून त्याने शेरा लिहिला : ‘हे काढून घेतलं तर मी घरी जाणार नाही.’

अध्यक्षांनी तो कागद दिव्याजवळ धरून वाचला. दिराची सही खोटी होती तर, म्हणाले. मी म्हटलं, सही खोटी होती सर, वापर खरा होता. त्यांनी बसचालकाच्या सहीवर बोट ठेवलं.

“हे वहिनींचे कुणी लागतात का?”

नाही, म्हटलं. मी तपासलंय. मी खरंच तपासलं होतं. आणि एकूण यंत्रं किती सापडली? सर, मी म्हटलं, मोजणी मी केव्हाच सोडली.

समारंभाला सभागृह भरलं होतं. वहिनी आणि दीर मंचावर, सासरे पहिल्या रांगेत इस्त्रीच्या सदऱ्यात. मानपत्रातल्या ‘ज्यांनी आपल्या शोधाला प्रत्यक्ष उपचारात उतरवलं’ या वाक्याला सासऱ्यांनी खिशातून यंत्र काढलं, वापरलं, पुसलं, परत ठेवलं. अध्यक्ष वाचत राहिले, त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. वहिनींनी मात्र पाहिलं. नियमाप्रमाणे यंत्रं कायमच्या साठ्यात गेल्याचं जाहीर झालं तेव्हा मागच्या रांगेतून सगळ्यात जोरात टाळ्या आल्या. तिथे तिन्ही वॉर्डांच्या सिस्टर बसल्या होत्या, एकमेकींपासून एकेक खुर्ची सोडून.

चहापानानंतर लोक पांगले. मंचाखालच्या टेबलावर पांढरं कापड घालून एक यंत्र लोकांना बघायला ठेवलं होतं. मानपत्र उचलायला मी गेले तर कापड होतं, त्यावर मुठीएवढा खळगा होता, यंत्र नव्हतं. वहिनी माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघींनी दाराकडे पाहिलं. वृद्धांच्या वॉर्डाच्या सिस्टर अतिदक्षतावाल्यांच्या पर्सकडे बघत होत्या. अतिदक्षतावाल्या मोठ्या सिस्टरांच्या डब्याच्या पिशवीकडे. मोठ्या सिस्टरांनी मला पाहिलं, चष्मा वर सरकवला आणि मी काही विचारायच्या आत पिशवी उघडून दाखवायला लागल्या.